यादीआधीचा ‘द’

१

सोमवारी अकराच्या सुमारास साहेबांनी मोठ्या बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. ते दार कुणी कधी लावत नसे. त्याला टेकवलेला जुन्या फायलींचा गठ्ठा बाईंना आधी पायानं सरकवावा लागला.

टेबलावर परदेशातल्या प्रकाशकाचं पत्र होतं आणि त्याला टाचलेली आणखी एका पत्राची प्रत. ती टाईप केलेली, अर्ध्या पानाची, बिनसहीची.

“वाचा,” साहेब म्हणाले, “आणि मग माझ्याकडे बघा.”

भाषांतराची ही कचेरी छोटीशी. चष्म्याच्या दुकानावरचा मजला, तीन खोल्या, चार माणसं. साहेब कामं आणत. ‘वकील’ म्हणून हाक मारली जाई तो गृहस्थ वकील नव्हता, करारनामे आणि खरेदीखतं इंग्रजीत करता करता त्याला ते नाव चिकटलं होतं. ‘नवी’ चार वर्षं जुनी झाली तरी नवीच राहिली होती. आणि सगळ्यांचं इंग्रजी शेवटी ज्यांच्या हाताखालून जाई त्या मोठ्या बाई. वय सत्तावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची.

गेल्या वर्षी दीपगृहावर नोकरी केलेल्या एका माणसाच्या आठवणी इंग्रजीत आणायचं काम आलं. प्रकाशकानं नमुन्याची दहा पानं मागवली. बाईंनी पाठवली, नवीनंही पाठवली. निवड नवीची झाली. पुस्तक आता छापायला जाणार होतं आणि मुखपृष्ठावर नवीचं नाव येणार होतं.

बिनसहीच्या पत्रात म्हटलं होतं की ते भाषांतर नवीचं नाहीच. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. ‘शी इज नॉट ट्रान्सलेटर. शी इज फ्रॉड. बुक यू आर प्रिंटिंग इज नॉट हर वर्क.’ एकूण नऊ वाक्यं. प्रकाशकानं छपाई थांबवली होती आणि गुरुवारपर्यंत खुलासा मागितला होता. नाहीतर करार रद्द, आणि कचेरीचं नाव कायमचं खराब.

शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा वाचलं. ‘ॲन ओल्ड वुमन इन हर ऑफिस मेड द लिस्ट, अँड शी कॉपीड एव्हरीथिंग फ्रॉम इट.’ तिच्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं यादी केली, आणि हिनं सगळं त्यातून उतरवलं.

त्यांनी मान वर केली. साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

“नवीचं नाव गेलं तर दुसरं नाव कुणाचं लागेल, बाई?”

२

बाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. बाईंनी चहा घेता घेता सगळं सांगितलं, आपल्यावरच संशय आहे हेही सांगितलं. बहिणीनं ऐकून घेतलं, कप विसळला आणि म्हणाली, “पण तुला बरं वाटतंय.”

बाईंनी लगेच नाही म्हटलं. मग खिडकीशी जाऊन बसल्या. खरं म्हणजे पत्र वाचताना त्यांच्या छातीत काहीतरी उबदार हललं होतं. कुणीतरी, कुठल्यातरी हलकट माणसानं का होईना, ते काम त्यांचं आहे असं लिहून ठेवलं होतं. गेलं वर्षभर नवी जिना चढून आली की बाईंच्या पोटात दुखे. तिच्या चपलांचा आवाजदेखील खुपे. नवी स्वभावानं वाईट असती तर सोपं गेलं असतं, पण ती बाईंच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या रोज न सांगता भरून ठेवी.

गप्प बसलं तर काय होईल, हे त्यांनी मनात मांडून पाहिलं. काही करायचं नव्हतं. नुसतं “मला माहीत नाही” म्हणायचं होतं. पुढचं आपोआप झालं असतं.

मंगळवारी सकाळी त्या सर्वांच्या आधी कचेरीत पोचल्या आणि साहेबांना म्हणाल्या की हे पत्र कुणी लिहिलं ते मी शोधते. साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चोरालाच चौकीदार नेमतोय का आपण, असा तो चेहरा होता. पण दुसरं इंग्रजी जाणणारं होतं कोण? त्यांनी पत्र बाईंच्या हातात दिलं आणि जाता जाता सांगितलं की त्यांना वकिलाचाही संशय आहे.

त्याला कारणही होतं. आपल्या भाषेत माणूस नुसतं ‘बाई आली’ म्हणतो आणि ऐकणारा समजून घेतो, कुठली तरी एक बाई की आपली ओळखीची. इंग्रजीला ते आधीच ठरवून लागतं. अनोळखी वस्तू असली तर ‘ए’ किंवा ‘ॲन’, दोघांनाही ठाऊक असलेली असली तर ‘द’. आपल्याकडच्या माणसाचं इंग्रजी अडखळतं ते इथंच. पत्रात पहिल्या आठ वाक्यांत ‘ए’ही नव्हता आणि ‘द’ही नव्हता. आणि कचेरीत हे शब्द गाळण्याबद्दल बाईंची बोलणी रोज कोण खाई, तर वकील.

३

वकिलाला बाईंनी सरळ विचारलं. त्यानं चष्मा काढून पुसला. ते पुस्तक आपल्यालाही हवं होतं, हे त्यानं कबूल केलं. वीस वर्षं सातबारा कुणाचा आणि कुंपण कुणाचं हेच लिहितोय, एकदा तरी समुद्राबद्दल लिहायला मिळेल असं वाटलं होतं, म्हणाला. नवीला ते मिळाल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता.

“हेवा वाटला, बाई. खोटं कशाला सांगू? पण हेवा वाटणारा मी एकटाच होतो का?”

बाई उठल्या. त्या कपाटाकडे गेल्या आणि वकिलानं केलेल्या कामांच्या तीन फायली काढून दुपारपर्यंत वाचत बसल्या. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं त्या वकिलाच्या चुका दुरुस्त करत होत्या, पण त्या चुका कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. तो ‘ए’ गाळायचा, अगदी सर्रास. पण ‘द’ गाळलेला तिन्ही फायलींत एकदाही नाही. कायद्याच्या कागदांत जन्म गेलेला माणूस तो, त्याच्या जगात सगळं आधीच ठरलेलं. ‘द सेड प्रॉपर्टी’, ‘द अंडरसाइन्ड’. त्याच्या हातात असतं तर त्यानं माणसांच्या नावांपुढंही ‘द’ लावला असता.

पत्रात मात्र दोन्ही शब्द सारखेच गायब होते. ‘इन द मॉर्निंग’सारखे शब्दप्रयोग शाळेपासून पाठ असतात, कच्च्या माणसाचाही त्यात ‘द’ सुटत नाही. पत्रात ‘इन मॉर्निंग’ होतं. चुकणारा माणूस असा सगळीकडे एकसारखा चुकत नाही. हे चुकणं नव्हतं, कुणीतरी बसून एकेक शब्द निवडून काढला होता. याचा अर्थ लिहिणाऱ्याला ते शब्द कुठं येतात हे पक्कं ठाऊक होतं.

मग शेवटच्या वाक्यात ते का राहिले?

बाईंनी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हे सांगितलं. शेवटी लिहिणाऱ्याला राग आला असावा आणि रागात तो सोंग विसरला, त्यामुळं त्या वाक्यात त्याचं खरं इंग्रजी उतरलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

“‘ॲन ओल्ड वुमन’ बघा,” त्या म्हणाल्या. “प्रकाशक मला ओळखत नाही, म्हणून मी ‘एक म्हातारी बाई’. बरोबर लिहिलंय. पण प्रकाशकाला यादीही ठाऊक नाही. मग ‘ए लिस्ट’ हवं. इथं ‘द’ पडला. ज्याला बाईची ओळख करून द्यायची सुचली, त्याला यादीची सुचली नाही. का? कारण ती यादी त्याच्या इतकी डोळ्यांसमोर होती की जगाला ती माहीत नाही, हेच तो विसरला.”

साहेब पुढं सरकून बसले. “म्हणजे अशी यादी खरंच आहे?”

“आहे. मी केली होती. नवीनं छापायला पाठवण्याआधी मला एकदा नजर टाकायला सांगितलं. एकेचाळीस जागा निघाल्या. सगळ्या ‘ए’ आणि ‘द’च्या.”

“कुणाला माहीत आहे ती?”

बाईंनी आठवून पाहिलं. शिसपेननं लिहिलेला एक कागद, पाकिटात घालून एका शनिवारी बागेतल्या बाकावर नवीच्या हातात दिलेला. वकिलाला माहीत नव्हता. साहेबांना आत्ता कळत होता. बहिणीलाही सांगितला नव्हता, कारण दुसरीचं काम आपण तपासून दिलं हे सांगायची लाज वाटली होती.

“मला,” त्या म्हणाल्या, “आणि नवीला.”

साहेबांनी हळूच पत्र उलटं करून ठेवलं. “नवी स्वतःविरुद्ध पत्र लिहिणार नाही, बाई. मग उरलं कोण, ते तुम्हीच सांगितलंत.”

४

बुधवारी नवी दुपारी उशिरा आली. साहेबांनी तिला आदल्या दिवशी ते पत्र दाखवलं होतं, डोळे सुजलेले होते. बाईंनी तिला चहाच्या कोपऱ्यात गाठलं. तांब्या त्या दिवशी भरलेला नव्हता.

यादी कुठं आहे, एवढंच बाईंनी विचारलं. घरी आहे, नवी म्हणाली. मग भांड्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, “मला वाटलं तुम्हीच लिहिलंत. अजूनही वाटतंय. शेवटच्या पानावरून तुम्ही रागावला होतात.”

ते खरं होतं. पुस्तकाच्या शेवटी तो दीपगृहाचा माणूस अकरा वर्षांनी गावी परततो. मूळ वाक्य साधं होतं: दारात बाई उभी होती. ती त्याची बायको. नवीनं लिहिलं होतं ‘ए वुमन’. बाईंनी यादीत एकेचाळिसाव्या जागी नोंदवलं, ‘ती त्याची बायको आहे, अनोळखी नाही. द.’ नवीनं बदललं नाही. अकरा वर्षांनी त्यानं तिला पहिल्या क्षणी ओळखलंच नाही, म्हणून ‘ए’च हवा, असं तिनं सांगितलं होतं.

बाईंनी तेव्हा नुसतं “बरं” म्हटलं होतं. पण ते वाक्य त्या आठवडाभर मनात घोळवत राहिल्या. सव्वीस वर्षं त्या हेच दोन शब्द जागच्या जागी बसवत होत्या, आणि एका शब्दानं एका माणसाची अकरा वर्षं सांगता येतात हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. खरा जळफळाट निवडीवरून झाला नव्हता, या एका ‘ए’वरून झाला होता.

“रागावले होते,” त्या म्हणाल्या. “पण पत्र माझं नाही. घरी यादी कुठं ठेवलीयेस?”

“ठेवली नाहीये. लावलीय. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर. मला रोज दिसावी म्हणून.”

“त्या टेबलावर आणखी कोण बसतं?”

नवीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हातातला कप न पिताच खाली ठेवून दिला.

५

नवीचा नवरा शिकवणी वर्ग चालवायचा. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवी आणि सगळे त्याला ‘सर’ म्हणत. बाई त्याला कधी भेटल्या नव्हत्या. संध्याकाळी पाचला दोघी त्या घरी पोचल्या तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर मुलांसाठी सरावाची पानं तयार करत होता. उंच, नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यानं उठून बाईंना खुर्ची दिली. तिथं बसल्यावर समोरच्या भिंतीवर बाईंना स्वतःचं अक्षर दिसलं. एकेचाळीस ओळी. अडतीस ओळींपुढं बरोबरची खूण, तीन ओळींवर नवीची बारीक रेघ.

टेबलावरच्या पानावर मथळा होता: रिकाम्या जागा भरा. ए, ॲन किंवा द. खाली वाक्यं, आणि प्रत्येकातून ते शब्द काढून घेतलेले.

“किती वर्षं बनवता ही पानं?” बाईंनी विचारलं.

पंधरा, तो म्हणाला. आता वाक्यावर नजर पडली की कुठला शब्द उचलायचा ते हाताला कळतं.

बाईंनी पिशवीतून पत्राची प्रत काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. “मग हेही भरून द्या.”

त्यानं प्रत जवळ ओढली. मग, नवल म्हणजे, त्यानं खरंच पेन उघडलं. कदाचित नाही म्हणणं जास्त अवघड वाटलं असेल. ‘ट्रान्सलेटर’आधी ‘ए’, ‘फ्रॉड’आधी ‘ए’, ‘बुक’आधी ‘द’, ‘मॉर्निंग’आधी ‘द’. आठ वाक्यं त्यानं कुठंही न थांबता, एकही चूक न करता भरली. नवव्या वाक्यावर पेन थांबलं. तिथं भरायला जागाच नव्हती.

“या वाक्यात तुमचा हात गेला नाही,” बाई म्हणाल्या. “आणि यादीआधी ‘द’ पडला. प्रकाशकाला यादी काय माहीत? ती तुमच्यासमोर होती. आत्ता आहे तशी.”

त्यानं भिंतीकडे पाहिलं नाही. नवी दारात उभी होती, तिच्याकडेही नाही. तो बोलू लागला तेव्हा आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच होता. लग्न झालं तेव्हा हिला चार ओळींचंही इंग्रजी येत नव्हतं. रोज संध्याकाळी ही याच टेबलावर वही घेऊन बसायची. मी शिकवलं. मग हळूहळू विचारायची कमी झाली. पुस्तक घेतलं तेव्हा मला वाटलं, आता तरी विचारेल. सहा महिने वाट पाहिली. आणि एक दिवस हा कागद भिंतीवर आला.

“तिनं जाऊन तुम्हाला विचारलं,” तो म्हणाला. “मला नाही. आणि वर मी जेवताना ते समोर बघायचं.”

नवी हळू आवाजात म्हणाली, “तुला विचारलं असतं तर तू नियम सांगितला असतास.”

त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि ते खिशात नेमक्या जागी अडकवलं. बाईंना त्या माणसाचा संताप यायला हवा होता, तो काही केल्या येईना. तो जे बोलला त्यातलं वाक्य न् वाक्य त्यांनी स्वतःशी म्हटलेलं होतं, फक्त टपालात टाकलं नव्हतं.

६

गुरुवारी सकाळी दोन पत्रं प्रकाशकाला गेली. एक नवीच्या नवऱ्याचं, सहीसकट, तीन ओळींचं: आधीचं पत्र मी लिहिलं आणि ते खोटं आहे. ते त्यानं आपण होऊन आणून दिलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि कुणाच्या नजरेला नजर न देता जिना उतरला.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. यादी होती हे खरंच होतं आणि प्रकाशक तिच्याबद्दल विचारणार होता. दुसरं पत्र म्हणूनच बाईंना लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं की यादी माझी आहे, तीनशे पानांत एकेचाळीस जागांची. त्यातल्या अडतीस भाषांतरकर्तीनं मान्य केल्या आणि तीन नाकारल्या. उतरवून घेणारा माणूस नाकारत नाही. इथं त्यांचा हात थांबला. एवढंही पुरलं असतं. साहेबांनी वाचून पुरे म्हटलंही. पण बाईंनी कागद परत ओढून घेतला आणि खाली आणखी एक वाक्य घातलं: त्या तिन्ही ठिकाणी ती बरोबर होती आणि मी चूक होते, आणि शेवटच्या पानावरचा शब्द मला कधीच सुचला नसता. वाक्य लिहायला त्यांना अर्धा तास लागला. साहेब केबिनच्या दाराशी उभे राहिले आणि दिलगिरीचं काहीतरी पुटपुटले. बाईंनी ते ऐकून घेतलं, पण “असू दे” म्हटलं नाही.

छपाई पुन्हा सुरू झाली. नवी दोन महिने मावशीकडे राहायला गेली. पुढं ती नवऱ्याकडे परतली ती काही अटींवर, असं वकिलाला कुठून तरी कळलं. अटी कोणत्या ते तिनं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. पुस्तक आलं तेव्हा वकिलानं ते घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी जागरणानं लाल झालेले डोळे घेऊन आला.

बाईंच्या पोटातलं दुखणं मात्र गेलं नाही. ते त्यांनी बहिणीजवळ कबूल केलं. मग हिवाळ्यात केव्हातरी त्यांनी एका परिचारिकेच्या आत्मकथनाची पहिली दहा पानं स्वतः इंग्रजीत केली, कुणी न सांगता, रविवारी सकाळी बसून. एका शुक्रवारी ती पानं त्यांनी नवीच्या टेबलावर ठेवली.

“तपास,” त्या म्हणाल्या. “आणि माझं वय बघून सोडू नकोस.”

नवीनं सोमवारी पानं परत दिली. सव्वीस खुणा होत्या. बाई त्यावर चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्या खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवून म्हणाल्या की ही मला पटलेली नाही, का केलीस ते सांग.